ओली गोधडी

ये अशी, जवळ बस. दारात कशाला टेकलीस, इतक्या वर्षांची मैत्रीण तू, पाहुणी आहेस का? आणि आधी ते पाणी पी. एस्टीत बसायचं असलं, लग्नाला जायचं असलं, की तू सकाळपासून घोटभर पाणी पीत नाहीस — मला कळत नाही वाटतं? ओठ बघ कसे सुकलेत. वेडी कुठली. पी, मग सांगते. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पोराला नाही, सुनेला नाही, ह्यांच्या फोटोपुढंसुद्धा नाही.

आमच्या जिलबीची गोष्ट तुला अर्धीच माहिती आहे. वर्षानं, माझ्या सुनेनं, माहेरून आणलेली मांजर. अंगाचं वेटोळं करून झोपायची म्हणून जिलबी. मोरीपाशी तिच्यासाठी जुनं घमेलं ठेवलेलं, त्यात वाळू. गुणाची होती. मग घमेल्याशेजारी कपडे धुवायचं मशीन आलं, आणि ही बया वाळू सोडून कुठंही मुतायला लागली. हो, मुतायलाच — या वयात शब्द कशाला गाळून घ्यायचे? चपलांवर मुतली, फुलांच्या क्रेटवर मुतली. आणि एकदा, खरंच एकदाच, माझ्या गोधडीवर.

माझा पोरगा संतोष भडकला. आमचे गुलाब रोज टेम्पोनं शिर्डीला जातात, क्रेटला वास लागला तर फुलं कोण घेणार? "आई, हे जनावर आता घरात न्हाई राहायचं." वर्षा म्हणाली, "थोडे दिवस द्या मला. उगाच न्हाई करत ती."

आणि पोरीनं काय नाही केलं गं? आमच्या गाई बघायला येतात त्या डॉक्टरांना मांजर दाखवली. ते आधी हसले, मग पोट चाचपून म्हणाले, "दुखणं न्हाई काही. कशाला तरी बिचकलीय." मग तिनं घमेलं मशीनपासून लांब, पडवीच्या कोपऱ्यात नेलं. मी ते रोज फिनाईलनं खसाखसा घासायचे — आपल्याला स्वच्छता म्हणजे फिनाईल — ते तिनं बंद केलं. मांजरीला तो वास सोसत नाही, असं मोबाईलवर वाचलं म्हणे. रोज ओली वाळू उपसायची, आधी जिथं घाण झाली होती तिथं व्हिनेगरचं पाणी मारायची. मी नाक मुरडत होते. आणि जिलबी सुधारली! मी डोळ्यांनी पाहिलं. वाळू उकरली, बसली, झाकली, आणि शेपूट वर करून ऐटीत निघून गेली.

आता — जरा थांबू दे मला.

एका सकाळी खोकल्याची उबळ आली. पुढचं तुला सांगायला हवं का? कमरेखाली आधी ऊब, मग गार. गोधडी भिजली. जिलबी समोर पत्र्याच्या पेटीवर झोपलेली, तिनं एक डोळा उघडून माझ्याकडं पाहिलं. आणि मी ओरडले, "वर्षे! ये, बघ तुझ्या मांजरीनं काय केलं!"

इतकं सोपं होतं. मग काय, पुन्हा झालं, पुन्हा ओरडले. वर्षा गोधडी धुवायची, उन्हात टाकायची. तिला वास कळला नसेल? माणसाचा आणि मांजरीचा वास एक असतो का? संतोष तिला म्हणाला, "ते मोबाईलवरचे इलाज ठेव तुझ्यापाशी." दुपारी ती घमेल्याशी उकिडवी बसून जिलबीला विचारत होती, "का गं असं करतीस? आता मी काय करू सांग." मी तिथंच भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. फोडतच राहिले.

काय होतं डोक्यात? आपली खाट गोठ्याकडं जाईल, नातवंडं नाक धरतील. हे कारण म्हणून सांगत नाही हं. होतं ते सांगितलं.

शेवटी संतोषनं जिलबीला फुलांच्या क्रेटमध्ये घातलं, वरून दुसरा क्रेट पालथा घालून सुतळीनं बांधला. म्हणाला, "शिर्डीत कुणी उपाशी राहत न्हाई." वर्षा आत भाकरी थापत होती, बाहेर आली नाही. जिलबी फटीतून बघत होती. मी दारात उभी. अरे, ती नव्हे, मी — एवढंच म्हणायचं होतं ना? टेम्पो चालू झाला आणि मी पदरानं तोंड पुसलं.

पुढची गोधडी भिजली तेव्हा घरात मांजर नव्हती. मी ती घडी करून पेटीमागं कोंबली. वर्षाला सापडली. तिनं माझ्याकडं पाहिलं, रिकाम्या घमेल्याकडं पाहिलं, आणि गोधडी धुवायला नेली. त्या दिवसापासून ती मला आई म्हणत नाही. "जेवायला वाढलंय," एवढंच.

आज संध्याकाळी संतोषसमोर सांगणार आहे तिला. माफी मागणार नाही — काय तोंडानं मागू? आणि मुतण्याची तर मुळीच लाज धरणार नाही मी. चार बाळंतपणं झाली, आयुष्यभर क्रेट उचलले, अंग सैल पडलं. पडणारच! कुणाला खाट गोठ्यात न्यायची असेल त्यानं न्यावी, गाई बऱ्या. लाज आहे ती मांजरीला पुढं केल्याची. ती माझी, ती मी कुणाला वाटून देणार नाही.

अशी खाली काय बघतेस? माझ्याकडं कधी मुक्काम करत नाहीस, दिवस मावळायच्या आत एस्टी गाठतेस, ते का ते मला ठाऊक आहे. लवकर परत ये आता, आणि राहायलाच ये. भरपूर पाणी पिऊन झोप. सकाळी जिची भिजेल तिची गोधडी अंगणातल्या दोरीवर टाकू, रस्त्याच्या बाजूला. कुणी विचारलं तर नाव सांगू. मांजरीचं नाही.