गयाच्या घराची उगवती बाजू

पुसदहून फुलसावंगीची मोटार निघाली. खिडकीजवळ जागा मिळाली, तरी माझं लक्ष बाहेर नव्हतं. धाकटी बहीण गया पैनगंगेकाठी, जंगल तोडून वसलेल्या नव्या वस्तीत जाऊन तीन पावसाळे झाले होते. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर तिच्या सासरच्यांनी जुन्या गावातली गावकीची कामं सोडली आणि तिथे शेत धरलं. आम्हीही तिच्याशेजारी जाऊन राहावं, असं चाललं होतं. कापसाच्या जिनातल्या (सरकी काढायच्या कारखान्यातल्या) हमालीला आमचे हे कंटाळले होते. जागा बघायला मी निघाले, कारण जागेपेक्षा मला बहीण बघायची होती.

फुलसावंगीला गयाचा नवरा बंडी (बैलगाडी) घेऊन आला होता. वाटेत नाल्यात चाक रुतलं. मी उतरले आणि चिखलात एक चप्पल गमावून बसले. पुढे सागाचं रान लागलं, मग एकदम उघडी काळी जमीन, कपाशी आणि तिच्यामागे नदी.

"तिकडं पहिले मोगलाई (निजामाचा मुलूख) होती," तो म्हणाला.

गया धावत बाहेर आली. "ताई," हाक ऐकून मला भरून आलं, पण ती हाक मला नव्हती. "ताई, पाहा कोन आलं," असं ती शेजारच्या दारातल्या मोठ्या जावेला सांगत होती. लहानपणापासून ती फक्त मला ताई म्हणायची. माझ्या पोटात तिथूनच दुखायला लागलं.

जेवायला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि चून (पिठलं). चून जावेने केलं होतं. "ताईच्या हाताची चवच न्यारी," असं गया दोनदा म्हणाली. ते खरंच चांगलं होतं, म्हणून मी ते अर्धंच खाल्लं.

दोघींच्या घरांमध्ये एकच कूड (कपाशीच्या काड्यांची भिंत), छान सारवलेला, वर पांढऱ्या मातीचा हात. माझं अंथरूण पडलं ते दुसऱ्या, उगवतीच्या बाजूला. तिथला कूड नुसताच उभा, सारवण नाही, छपराचे बांबू हातभर बाहेर आलेले. जावेकडची बाजू लख्ख आणि सख्ख्या बहिणीला ही. मी मनातल्या मनात गयाला खूप बोलले.

सकाळी नदीवर मी आणि जाऊ, दोघीच होतो. मला राहवलं नाही. "तुमच्या बाजूचा कूड सारवायला बरा वेळ मिळतो तिला," मी म्हटलं.

ती घागर घासत होती. मान वर न करता म्हणाली, "उगवतीकडची ते जागा माह्या भावानं दोनदा मांगतली. गया देतच नाही. 'माह्या बहिनीचं घर तिथं जुडन' म्हनते, म्हून बांबू कापत नाही, कूड सारवत नाही. पावसात घर गळून राह्यलं, तरी आयकत नाही. तुमी याचं असन तं या, नाही तं सोडा म्हना तिले. माहा भाऊ नाल्यापलीकडं एकटा पडला. तीन वर्सं तुमचंच नाव आयकून राह्यली मी."

मला वाईट वाटायला हवं होतं. ते वाटलं, पण नंतर. आधी जिवाला गार वाटलं, कारण ती माझ्यावर जळत होती.

निघताना गयाने विचारलं, "कवा येता?"

"कापूस निघाला की," मी म्हटलं. "बांबू कापू नको."

तिची जाऊ दारात उभी होती. तिने ऐकलं आणि ती आत गेली.

घरी आल्यावर यांनी विचारलं, "जागा कशी आहे?" जमीन काळी आहे, पाणी जवळ आहे, घराची एक भिंत आयती मिळेल, एवढं सांगितलं. बाकीचं मी मोटारीतच ठरवून टाकलं होतं. तिथे गेल्यावर त्या दोघींचं हसणं मला रोज ऐकू येणार आणि मी रोज जळणार. पण पुसदला बसून जळण्यापेक्षा एका कुडाआड बसून जळलेलं बरं.