जात्यावरच्या दोघी

आईला बायबल स्टडीला घेऊन जायची अक्कल माझीच. अमेरिकेत आमच्याकडे कॅरीला येऊन तिला महिना झाला होता. मी आणि नवरा दिवसभर ऑफिसात, आणि ती खिडकीशी बसून रिकाम्या रस्त्याकडे बघत राहायची. नगरला मोठी काकू, आईची जाऊ, वारून तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. म्हटलं, चार बायकांत बसेल, जरा बरं वाटेल. आमच्या चर्चमध्ये बुधवारी बायका जमतात. इंग्रजीत चालतं, पण मी आहे की शेजारी बसून भाषांतर करायला. भारी हौस!

नेमका त्या दिवशी शेवटच्या काळाविषयी येशूने सांगितलेला भाग होता. दोघी जात्यावर दळत असतील, एकीला नेलं जाईल, एक मागे राहील. शिकवणाऱ्या बाईंनी हसतमुखाने समजावलं, की नेलेली म्हणजे प्रभूने आपल्याजवळ उचलून घेतलेली. मागे राहिली ती नाकारलेली, तिच्या वाट्याला संकटांचा काळ. मी शब्दन्‌शब्द आईच्या कानात सांगितला.

त्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत खायच्या भाकरीचा, ट्रे रांगेतून फिरत आला. आईने भाकरीच्या तुकड्यांकडे पाहिलं आणि ट्रे तसाच माझ्या हातात दिला. स्वतःला लायक न समजणाराच तो असा पुढे ढकलतो, आणि नगरच्या आमच्या चर्चमध्ये तिने जन्मात कधी असं केलं नव्हतं. तापाने फणफणलेली असली तरी जायची.

घरी येऊन विचारलं तर म्हणाली, "आम्ही दोघींनी एका जात्यावर दळलंय. जाऊबाईंना नेलं, मला मागे ठेवलं. आणखी काय सांगायचं राहिलं?"

"अगं, ते जगाच्या शेवटाबद्दल आहे! काकू हार्ट अटॅकने गेली."

"तुला काय कळतंय डोंबल!"

कळत होतं मला. चाळीस वर्षं एका चुलीवर रांधलेल्या या जावा. शेवटचे आठ महिने मात्र आईने कसल्याशा शब्दावरून चूल वेगळी केली आणि बोलणं टाकलं. काकू दोनदा दारात येऊन उभी राहिली होती. आई आतून उठली नाही. तिसऱ्यांदा यायला काकू राहिलीच नाही.

राग तर माझ्या नाकावरच असतो. शिकवणाऱ्या बाईंचा आला, आईचा आला, स्वतःचा सगळ्यात जास्त आला. असा कसा एकच अर्थ असेल? ऑफिसमधल्या वसईच्या कॅथलिक मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, "अगं यार, आमच्याकडे नाताळच्या आधी हे वाचतात. फादर म्हणतात, जागे राहा, तयार राहा, बस्स. कोण गेली, कोण राहिली, याच्या भानगडीत नाही पडत आम्ही." हे मी आईला सांगितलं. "त्यांचं त्यांच्यापाशी," म्हणून तिने कूस बदलली.

मग एकदा लंच ब्रेकमध्ये ऑफिसजवळच्या लुथरन चर्चमध्ये शिरले. तिथल्या म्हाताऱ्या पाळकांनी पान उघडून बोट ठेवलं, जरा वरचं वाच म्हणाले. वर नोहाच्या काळची आठवण होती. पूर आला आणि लोकांना घेऊन गेला. मागे राहिला तो तारवात, आपल्या मोठ्या नावेत, बसलेला नोहा, तो वाचला. म्हणजे नेलेली बुडते आणि राहिलेली वाचते, असं मानणारेही पुष्कळ आहेत, मीही त्यांतलाच, असं ते म्हणाले. मी उडालेच! तीच ओळ, आणि अर्थ पार उलटा. "मग खरं कोणतं?" असं विचारलं तर म्हणाले, "फार ठामपणे सांगणाऱ्याची मला जरा भीती वाटते." ते मी कानाआड केलं. मला हवं ते मिळालं होतं.

संध्याकाळी आईला इंडियन स्टोअरला नेलं. गाडी पार्क केली आणि परीक्षेत पहिली आल्यासारखं सगळं सांगून टाकलं. "बघ! मागे राहिलेलीच वाचलेली. तू वाचलीस, आई!"

आईने मांडीवरच्या पिशवीचे बंद सारखे केले. मग म्हणाली, "आणि जाऊबाई?"

"म्हणजे?"

"पुराने नेलेली बुडाली म्हणतेस ना? मग जाऊबाई बुडाल्या?"

तसं नाही गं, एवढंच म्हटलं. पण तसंच होतं. मीच आत्ता तसं सांगितलं होतं.

"दोनदा दारात आल्या होत्या त्या," आई म्हणाली. "मी उठले नाही. आता त्यांना पुरात ढकलून मी काठावर येऊ? नको गं बाई. त्या बुधवारच्या बाईंचंच खरं असू दे. जाऊबाई वर गेल्या. मी राहिले तर राहिले."

"पण मग तुझं काय?"

"माझं होईल ते होईल." तिने गाडीचं दार उघडलं. "चल, मेथी संपून जाईल."

रविवारी ट्रे आला. आईने स्वतः काही न घेता तो दोन्ही हातांनी धरून माझ्यापुढे केला. आम्हा दोघींतून मी एकटीनेच तुकडा घेतला, तोंडात टाकला आणि ट्रे पुढे दिला.