वर्षातून एकदा, बेटावर फोन

ओल्या खोबऱ्याचा वास आला की मन क्षणार्धात समुद्र ओलांडतं! अबुधाबीत, अल रीम आयलंडवरच्या आमच्या काचेच्या ऑफिसात सकाळी मी डबा उघडतो, आणि एसीच्या त्या निर्विकार गारव्यात माझं गुहागर दरवळू लागतं. याच सुगंधाच्या धुंदीत गेल्या वर्षी मी एक प्रश्न विचारून बसलो. माझी मूढतेची परंपरा समृद्ध आहे, पण असा कळस तिलाही नवा!

माझं काम फोनचं. पॅसिफिकमधल्या एका बेटावर अणुचाचणीची राख पडली, माणसं दुसऱ्या बेटावर हलवली. त्यांची प्रकृती दरवर्षी विचारायची आणि फॉर्म भरायचा, हे कंत्राट आमच्या कंपनीकडे. राख पडली तेव्हा परकरात असलेल्या एक आजी फोनवर होत्या, शेजारी त्यांची मुलगी दुभाषी. फॉर्म रुक्ष वाटला, म्हणून मी कोकणी आपुलकी ओतली: “आजी, आमच्याकडेही नारळ! तुमच्या बेटावरचे तर अमृतच असतील?” मग मुलगी म्हणाली, “मिस्टर, त्या नारळात विष उतरलंय. तुमच्याच फॉर्मवर लिहिलंय.” तीन वर्षं तो फॉर्म भरणाऱ्या या पंडितानं तो वाचलाच नव्हता!

आजी मात्र हसल्या. “जन्मभर तुम्हीच विचारता, आज मी विचारते. मेल्यावर तरी मला माझ्या बेटावर पुरू देतील का?” राखेनं झालेल्या गाठींसाठी गळ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झालेला तो घोगरा स्वर! मी लगबगीनं म्हणालो, “इन्शाल्ला, विचारून कळवतो.” इथे हा ‘देवाची इच्छा असेल तर’वाला शब्द लिफ्ट दुरुस्त करणाराही वेळ मारून न्यायला म्हणतो, त्यांनी मात्र त्याला वचन मानलं. प्रश्न मी शेऱ्यात लिहिला. साहेबांनी तो पुसला: “भाई, ये फॉर्म है, चिठ्ठी नहीं. खलास.” आणि मीही, मोठा शूर, खलास केला.

यंदा फोन मुलीनं उचलला. आजी गेल्या होत्या. “आई विचारायची, अबुधाबीहून फोन आला का? शेवटी इथेच पुरलं.” माझ्यासमोर पडद्यावर एकच रकाना उघडला: पाठपुरावा पूर्ण. कुणाचा पूर्ण? कोणत्या अर्थानं पूर्ण? मी क्षमा मागणार, इतक्यात तीच म्हणाली, “आता आईच्या जागी यादीत माझं नाव ना? विचारा. फक्त इन्शाल्ला म्हणू नका.”

तो शब्द मी म्हटला नाही. नाव विचारलं, वय विचारलं, आणि गळ्याला कुठे गाठ लागते का, तेही विचारलं.