दोन चित्रांचा सांधा

नवा जिल्हा झाला खरा, पण उपग्रहाला ते कुणी कळवलं नव्हतं. हैदराबादहून आणलेल्या त्याच्या दोन चित्रांत आमचा लातूर जिल्हा बरोबर मधोमध कापलेला. मी नरसिंग, पाणी शोधणाऱ्या सरकारी ऑफिसचा जीप ड्रायव्हर. ती चित्रं मीच आणली आणि चिकटवायला मैद्याची खळही स्टोव्हवर मीच शिजवली. चिकटवली मात्र पंचशीला कांबळेनं.

ती आमची ट्रेसर. नोकरी पक्की व्हायला तीन महिने बाकी होते. चित्रावर पारदर्शक कागद अंथरायचा आणि शेत, पडीक, खडक, जमिनीतल्या भेगा शाईनं उतरवायच्या, हे तिचं काम. त्या चित्रांत हिरवं रान लाल दिसतं; शहाऐंशीच्या दुष्काळात लाल असं जवळजवळ नव्हतंच. म्हणून सगळी भिस्त भेगांवर. खडकात लांब भेग असली की खाली पाण्याची आशा, आणि चित्रात ती काळसर रेघेसारखी दिसते. पंचशीलानं रेघ काढायची, माणिकप्पा साहेबांनी तिच्यावर फुली मारायची, आणि बोअरचं मशीन तिथं जायचं. मशीन एकच. गावाला मिळायचा एक दिवस.

येत्या सोमवारच्या बोअरची फुली पडली पंचशीलाच्याच करंजवाडीवर. मी पेढे मागितले, पण ती हसली नाही. शुक्रवारपासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. टेबलाशी बसायची, उठायची, खिडकीशी जायची, परत येऊन भिंगातून त्याच रेघेकडं बघायची. बघून बघून मलाच चिडायला झालं.

"अगं, मुंग्या चावायल्यात का तुला?"

"मामा, ही रेघ सांध्यावरच हाय," ती म्हणाली. "सांधा दिसू नये म्हणून आपण चित्रातल्या रेघेवरूनच कापतो. मी भेग बघून तिच्यावर कापलं, का कापलेल्या कडेलाच भेग समजले? काही केल्या आठवंना."

कळायला एकच मार्ग होता. वरच्या चित्राखाली दुसऱ्याची दोन बोटं रुंद पट्टी दडलेली होती. सांधा उचकटायचा आणि तिच्यावर भेग आहे का बघायचं. चित्र फाटलं तर दुसरं नव्हतं, आणि साहेब तिला घरी बसवायला मोकळे.

"गप बस," मी म्हणालो. "मशीन तुझ्याच गावाला जायलंय. तुझी माय दोन कोसांवरून पाणी आणती. लागलं तर लागलं."

"अन् न्हाई लागलं तर? दुसऱ्या एखाद्या गावाचा दिवस गेला की माझ्यापायी."

मला तिचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली. ओला फडका मीच दिला. शनिवारी दुपारी तासभर तिनं सांधा भिजवला. खळ सुटली, वरच्या चित्राचा कोपरा टरकन फाटला. खालच्या पट्टीवर नुसतं राखाडी रान होतं. भेग नव्हती.

साहेब आले तेव्हा ती तशीच उभी होती. फाटका कोपरा बघून ते असे तापले की मी मुद्दाम तिथंच थांबलो. शेवटी त्यांनी स्वतः ब्लेडनं रेघ खरवडली आणि मशीन यादीतल्या पुढच्या गावाला लावलं. नोकरीचं मात्र हो-नाही काही बोलले नाहीत.

करंजवाडीला निरोप द्यायला साहेब सोमवारी सकाळी मला एकट्यालाच पाठवत होते. "मीच सांगते," म्हणत ती जीपमध्ये चढली.

गावानं मशीनसाठी बाभळी तोडून वाट मोकळी केली होती. जीप बघून बायका धावत आल्या. तिच्या मायनं, केवळाबाईनं, रीतीप्रमाणं आधी पाण्याचा तांब्या लेकीच्या हाती दिला आणि मग विचारलं, "मशीन मागून येतंय नव्हं?"

"न्हाई येत, माय. दुसऱ्या गावाला गेलं. रेघ चुकली."

"कुणाची?"

"माझीच."

"चूक पकडली कुणी?"

"मीच."

केवळाबाई तोडलेल्या बाभळींकडं बघत राहिली. आता पोरीला शिव्या घालणार, असं मला वाटलं.

"पी आधी. सांडशील," ती म्हणाली. मग, "त्या गावाला लागलं का न्हाई, तेवढं मला सांगाय ये. न्हाई तर माझी पायपीट फुकट गेली म्हणायची."

पंचशीला सगळं पाणी प्यायली, तांब्यात थेंब ठेवला नाही. मी जीप लातूरकडं वळवली.

"तिकडं न्हाई, मामा," ती म्हणाली. "मशीनकडं घ्या."