हॅम्बुर्गला समुद्र नाही!

सहलीचे फोटो फोन बदलला की हरवतात. किस्से मात्र ऑफिसच्या किचनमध्ये चहा उकळताना वाढतच जातात! आयर्लंडमधल्या आमच्या डंडॉकच्या ऑफिसात हॅम्बुर्गचे इतके साठलेत, की न गेलेलेही ते सांगतात. गेलो होतो चौघंच: मी, माझा सहकारी संदेश, त्याची नऊ वर्षांची अन्वी आणि नागपूरहून आलेले त्याचे बाबा, म्हणजे आमचे काका.

*

जर्मनीतलं सगळ्यात मोठं बंदर म्हणून काका भलतेच उत्साहात. धक्क्यावर पोचताच विचारलं, "समुद्र कुठी हाये?"

"बाबा, समुद्र इथून शंभरेक किलोमीटर लांब. ही एल्बे नदी. जहाजं नदीतूनच येतात."

काकांनी समोरच्या क्रेनकडे बोट केलं. "समुद्र नाही अन् बंदर हाये! मंग आमच्या नाग नदीनं काय घोडं मारलं?"

*

संदेश सगळं वाचून आलेला. प्रत्येक पुलावर थांबून सांगायचा, "या शहरात व्हेनिसपेक्षा जास्त पूल आहेत!"

पाचव्या पुलावर अन्वी म्हणाली, "डॅड, कॅन वी जस्ट क्रॉस वन?"

*

रस्ता रिकामा, सिग्नल लाल. डंडॉकच्या सवयीनं मी निघाले. मागून एक आजी जर्मनमध्ये कडाडल्या! मी मुकाट्यानं परत फुटपाथवर. मग त्यांनी इंग्रजीत समजावलं, "मुलं बघतात."

मूल म्हणजे आमची अन्वी. ती आजींच्या शेजारी उभी राहून मान डोलवत होती.

*

रविवारी सकाळचा मासळीबाजार. एक विक्रेता गाडीवर चढून ओरडत, पिशव्यांत मासे कोंबत होता. संदेशनं मला बोलवायला हात वर केला मात्र, वाम मासळीची पिशवी थेट त्याच्या छातीवर!

संदेश शुद्ध शाकाहारी. घरी काकाही.

"घेतलीच हाये त राहू दे," काका म्हणाले. काकूंना अजून माहीत नाही.

*

शहराबाहेर एल्बेकाठी एक जागा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजाला तिथे त्याच्या देशाचं राष्ट्रगीत लाउडस्पीकरवर लावून सलामी देतात. संदेशनं सहल काढली होती ती खरं तर यासाठीच. "आपलं राष्ट्रगीत लागलं की ताठ उभं राहायचं हं!" त्यानं अन्वीला दहादा बजावलं.

दोन तास वारा खात बसलो. लायबेरिया आला, पनामा आला, माल्टा आला. भारत काही येईना.

मग लांबून एका जहाजावर केशरी, पांढरा, हिरवा दिसला.

"आला! आपला तिरंगा!" संदेश ताडकन उभा. डोळ्यांत पाणी.

सूर सुरू झाले. भलतेच. जहाज आयर्लंडचं होतं; रंग तेच, फक्त पट्टे उभे.

संदेश मटकन खाली बसला. अन्वी मात्र उभीच. हात बाजूला, मान वर. शाळेत शिकवलेलं राष्ट्रगीत ती आयरिशमध्ये, एकही शब्द न चुकता म्हणत होती.

काका गुडघ्यांवर हात टेकत उठले. कानटोपी काढली. हळूच म्हणाले,

"उठ न बे, संदेश. पोट्टीचं राष्ट्रगीत चालू हाये."