शेजाऱ्याचं जुनं कार्ड

मोताळ्यात आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या माणसाचं झेरॉक्सचं दुकान आहे. संध्याकाळी तो कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळतो. त्याचं ग्राफिक्स कार्ड जुनं आहे, त्यामुळे नवा गेम टाकला की चित्र अडखळतं. तो चिडत नाही. बायकोला शेजारी बसवतो, गेममधल्या सावल्या बंद करून चित्र साधं करतो आणि म्हणतो, "कार्ड होतं तसंच हाय. गेमच जड होऊन राह्यले."

मी महागडं नवं कार्ड घेतलं आणि मुद्दाम त्याला दाखवायला बोलावलं. रस्त्यावरचं पाणीसुद्धा खरं वाटत होतं. त्याने मन लावून पाहिलं.

"मस्त हाय भाऊ," तो म्हणाला.

"बसा ना खेळायला."

"नाही, घरी ती वाट पाहून राह्यली."

तो गेला, आणि मला ते झोंबलं.

रविवारी मी एकटाच खेळत होतो. चहासाठी बायकोला हाक मारली, तर ती घरात नव्हती. शोधत शेजारी गेलो. तिथे कीबोर्ड तिच्या पुढ्यात होता आणि ते दोघं नवरा-बायको तिला वळण कसं घ्यायचं ते सांगत होते. माझ्या कॉम्प्युटरपाशी ती कधी बसली नव्हती.

माझ्याकडे न पाहताच ती म्हणाली, "थांबा जरा, मले जिंकू द्या."