सुलेखा आणि लॅट्वियाचा सीझन

वेस्ट विंडसरच्या मराठी घरांत सुलेखाचं नाव निघालं की दोन गोष्टी हमखास सांगितल्या जात. ती ट्रेंटनच्या एका हॉस्पिटलात इमर्जन्सीची नर्स होती आणि तिचा मुलगा नकुल लॅट्वियाच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये फुटबॉल खेळायचा. लॅट्विया नेमका कुठे, हे विचारायची लोकांना लाज वाटे. "व्वा, युरोप!" म्हणून ते विषय संपवत.

मारामारी सुलेखाला नवी नव्हती. नशेतल्या एका पेशंटने तिचं मनगट पिरगाळून मोडलं होतं, दुसऱ्याने सलाइनचा स्टँड तिच्या कानशिलात घातला होता. त्यामुळे मार्चमध्ये सीझन सुरू झाला आणि पहिल्याच मॅचला कोपर लागून नकुलचं नाक फुटलं, तेव्हा नवरा अरुण उठून किचनमध्ये गेला, पण ती लॅपटॉपसमोरून हलली नाही.

"नाकच आहे. बसेल जागेवर," ती म्हणाली.

नकुल डिफेंडर. इथल्या कॉलेजच्या टीममध्ये त्याच्याकडे कुणाचं लक्षही नसे. तिकडे, समुद्राकाठच्या त्या लहानशा गावात, प्लॅस्टिकच्या हिरवळीवर तो आडदांड माणसांना लोळवायला शिकला. टीम तळाला होती. गोल होत नव्हते, तर निदान समोरच्याने लंगडत घरी जावं, असा सगळा खेळ. कुणी आडवा झाला की स्टँडमधून नकुलच्या नावाचा गजर व्हायचा. आणि इकडे, सकाळचा चहा हातात घेऊन, सुलेखाही ओरडायची. हे तिने पुढे कधी नाकारलं नाही.

ऑगस्टमध्ये एका मॅचला राइव्हिस नावाचा समोरच्या टीमचा खेळाडू बॉल घेऊन आत शिरला. त्याने बॉल पास केला, बॉल लांब निघूनही गेला. नकुल मागून धावत आला, त्याने एकदा खाली बघितलं आणि दोन्ही पाय उचलून राइव्हिसच्या नडगीवर उतरला. मैदानातल्या माइकने तो आवाज पकडला. मोजा फाडून हाड बाहेर आलं होतं. राइव्हिस स्वतःचा पाय हातात धरून किंचाळत होता.

दुपारी सुलेखाने नकुलला फोन लावला.

"आई, आय वेंट फॉर द बॉल."

"बॉल तिथं नव्हता."

"यू डोंट गेट इट. हार्ड टॅकल होता, दॅट्स ऑल."

"मी रोज मोडलेले पाय बघते, नकुल. पडून मोडलेले बघते, मुद्दाम मोडलेलेही बघते. तू आधी पाय बघितलास, मग मारलंस."

त्याने फोन कट केला. त्यानंतर दोघं बोलली नाहीत. मॅच मात्र तिने एकही चुकवली नाही, फक्त ओरडणं बंद झालं.

शेवटची मॅच नोव्हेंबरमध्ये, राइव्हिसच्याच टीमच्या मैदानावर होती. नकुलची टीम हरली, खालच्या लीगमध्ये गेली. शिट्टी वाजली, पण कॅमेरा चालूच राहिला. प्रेक्षकांतले चार-पाच जण कठडा ओलांडून धावत आले आणि पहिला ठोसा नकुलच्या तोंडावर बसला.

"बरं झालं," सुलेखा म्हणाली.

अरुणने चमकून तिच्याकडे बघितलं. तोवर नकुल खाली पडला होता आणि ते बुटांनी त्याच्या पोटात, पाठीत, डोक्यात लाथा घालत होते. एकाने केस धरून त्याचं डोकं उचललं, दुसऱ्याने जबड्यावर लाथ घातली. "सोडा रे! मरेल तो!" सुलेखा टेबलावर मुठी आपटत ओरडत होती. मग स्क्रीन काळी झाली.

अरुण लॅट्वियाला जाऊन नकुलला घरी घेऊन आला. जबडा तारांनी बांधलेला, एक डोळा मिटलेला. डॉक्टरांनी एक पक्कड दिली होती. उलटी झाली तर ताबडतोब तारा कापा, नाहीतर गुदमरेल, असं बजावलं होतं.

एका दुपारी किचनमध्ये स्ट्रॉने सूप पिताना त्याला ठसका लागला आणि पाठोपाठ उलटी आली. तोंड उघडेना. तो निळा पडू लागला, हातपाय झाडू लागला. सुलेखाने पक्कड घेतली तसं त्याचं कोपर तिच्या डोळ्यावर बसलं. तिने त्याला जमिनीवर पाडलं, छातीवर बसली, एक हात गुडघ्याखाली दाबला आणि ओठ ओढून धरत एकेक तार तोडली. पक्कड हिरडीत घुसली, रक्त आलं. शेवटची तार तुटताच तिने त्याला कुशीवर वळवलं. तो ओकला. मग श्वास घेतला.

बराच वेळ दोघं फरशीवर पडून होती.

"राइव्हिसचा पाय?" तो तोंडातल्या तोंडात म्हणाला.

"त्याच्या आईला मी मेसेज केला होता. आधी तिने मला शिव्या घातल्या. मग सांगितलं, रॉड घातलाय. पुन्हा खेळणार नाही."

"मी बघितलं होतं, आई. मारायच्या आधी."

"हो," ती म्हणाली. तिचा डोळा सुजून बंद होत होता.

जबडा जुळल्यावर वसंतात तो एकटाच लॅट्वियाला गेला. तिकडून त्याने फोन केला.

"भेटला का राइव्हिस?"

"दार उघडलं त्याने. मी सॉरी म्हटलं. त्याने काठीने मारलं आणि दार लावून घेतलं."

"कुठं मारलं?"

"खांद्यावर."

"हात वर जातोय?"

पलीकडे जॅकेटची सळसळ ऐकू आली.

"जातोय."

"मग ये घरी," सुलेखा म्हणाली.